शेटच्या हातचा मध

पनवेलात मोळी मागच्या दाराने येते आणि मध पुढच्या दाराने. दोन्ही एकाच रानातून, एकाच माणसांच्या हातून निघतात. पण मोळी चुलीत जळायची असते, तेव्हा तिचा विटाळही तिच्याबरोबर जळतो. मध पडला देवाच्या अंगावर घालायचा, म्हणून तो आधी धर्मराज शेटच्या दुकानातून फिरून यावा लागतो. कातकऱ्याने आणलेलं मडकं शेट आपल्या पितळी हंड्यात ओततो, वर तुळशीचं पाणी शिंपडतो, आणि झाला मध शुद्ध. कातकऱ्याच्या हातचा देवाला चालत नाही, शेटच्या हातचा चालतो. मध तोच बरं का. हा नियम कुणी केला, कधी केला, कुणाला विचाराल तर सांगता यायचं नाही. आणि मोडलाय कधी, असं विचाराल तर लोक तुमच्याकडेच बघत बसतील.

मी सांगतोय ती गोष्ट स्वराज्य येऊन आठ-नऊ वर्षं झाल्यानंतरची आहे. तेव्हा गावात एस.टी. येत होती आणि शाळेत मुलं समतेची गाणी म्हणत होती. मध मात्र दुकानातून फिरूनच येत होता.

चैत्राचे दिवस होते. कचेरीतले कारकून जगन्नाथराव यांच्या घरी चैत्रगौर बसली होती. त्यांची बायको वेणू सकाळी पुढच्या अंगणात चैत्रांगण काढून हात झटकत होती, तोच परसातून ओळखीची हाक आली.

"वैनी, मोळी."

वेणू तांब्या घेऊन मागे गेली. शुक्रीने मोळी भिंतीला टेकवली होती आणि पायरीखाली उकिडवी बसून तिने ओंजळ पुढे केली. वेणूने वरून पाण्याची धार धरली. कर्नाळ्याच्या पायथ्याच्या वाडीपासून डोक्यावर ओझं घेऊन आलेली बाई. ती पाणी प्यायची नाही, शोषून घ्यायची. वेणू या घरात सून होऊन आली तेव्हापासून हे चाललं होतं. आणि गंमत बघा, इतक्या दिवसांत शुक्रीच्या नाकात चमकी आहे की नाही, हे वेणूला सांगता आलं नसतं. वरून पाणी घालणाऱ्याची नजर ओंजळीवर असते. तळव्यावरची कोयत्याची जुनी आडवी खूण, करंगळीचं वाकडं पेर, हे सगळं तिला पाठ होतं.

"यंदा मधाची पोळी कशी आहेत गं?" वेणूने विचारलं. आदल्याच आठवड्यात महिला मंडळात मुंबईहून आलेल्या एका बाईंनी ग्रामोद्योगावर व्याख्यान दिलं होतं. जो वस्तू करतो त्याच्या हाताला तिचं मोल मिळालं पाहिजे, मधल्या हातांना नाही, असं त्या पोटतिडकीने बोलल्या होत्या. वेणूच्या डोक्यात ते घर करून बसलं होतं.

"हायत की. कड्याला चांगली लागलीत."

"आणि शेट काय देतो तुम्हाला?"

शुक्रीने ओल्या हाताने तोंड पुसलं. "मीठ देतो, सुकट देतो."

"किती?"

"मध मापान घेतो, मीठ मुठीन देतो. मूठ त्याची, तो भरंल तेवडी."

वेणूला हसू आलं आणि लगेच ते तिचं तिलाच बोचलं. "मग दुसरीकडे का नाही विकत?"

"आमच्या हातचा घेतो कोन? तुमी घेता काय?"

शुक्रीने हे काही टोमणा म्हणून विचारलं नव्हतं. भात शिजला का, असं विचारावं तसं विचारलं. पण वेणूच्या तोंडून शब्द निघून गेले.

"घेईन की. यंदा शेटकडे देऊ नको. गौरीच्या हळदीकुंकवाला सगळ्या मंडळाच्या बायका माझ्याकडे येणार आहेत. त्या दिवशी आण. मागच्या दाराने नको हां, पुढच्या दाराने ये. सगळ्यांसमोर घेईन. मीठ-सुकट नाही, रोकडं मोल देईन."

शुक्रीने हात लुगड्याला पुसले. मग म्हणाली, "काळूला सांगतंय. पांडूला पन सांगाया लागंल."

काळू तिचा नवरा आणि पांडू तिचा भाऊ, हे वेणूला ठाऊक होतं. "पांडूला कशाला?"

"काळू कड्यावरून उतरतो, तवा वरती दोर पांडू धरतो ना." वैनीला एवढंही कळत नाही याची तिला मौज वाटली असावी. "दोर मेवन्यानंच धरायचा. सख्या भावाचं काय सांगावं, भावकीचा राग असतो पोटात, सोडंलही. मेवना नाय सोडनार. सोडला तं त्याचीच भयन रांडव व्हते."

"आणि तू का नाही धरत?"

"बायकूनं धरायचा नसतो. बायकू खाली बघते. खाली बघनाराचा हात ढिला पडतो."

एवढं बोलून ती उठली, चुंबळ डोक्यावर ठेवली आणि निघून गेली.

मंडळात वेणूने ही कल्पना मांडली तेव्हा काय कौतुक झालं म्हणता. अध्यक्षा मालूताई म्हणाल्या, "वेणू, तू तर बाई आमचं नाक आहेस." एकीने बाटल्यांना चिकटवायच्या चिठ्ठ्या रंगवायचं कबूल केलं. हळदीकुंकवाला किती नारळ लागतील याचीही चर्चा झाली. देवाला हा मध चालेल का, हे मात्र कुणी विचारलं नाही आणि वेणूनेही ते काढलं नाही. सासूबाई, गोदूबाई, यांना तिने घरी काही सांगितलंच नाही. ऐन वेळी होईल सगळं नीट, असं तिला वाटलं. सुधारणा ऐन वेळेवर सोडणारी ती काही पहिली नव्हे.

हळदीकुंकवाचा दिवस उजाडला. माजघरात गौर आरशासमोर सजून बसली होती, कलिंगडाची कमळं कापून ठेवली होती, आंब्याच्या डाळीचा आणि पन्ह्याचा वास घरभर होता. पैठण्या, वेण्या, अत्तरं. बायका ओट्यापर्यंत दाटून बसल्या होत्या. आणि भर गर्दीत पुढच्या पायरीशी शुक्री येऊन उभी राहिली. डोक्यावर मडकं, मडक्याच्या तोंडाला पळसाची पानं बांधलेली. लुगडं धुतलेलं होतं. केसांना तेलही लावलं होतं तिने.

बोलणी एकेक करून थांबली. पायरीजवळ बसलेल्या मालूताईंनी आपला पदर गोळा करून मांडीवर घेतला.

"कोण गं ती पायरीवर?" गोदूबाईंनी आतून विचारलं. आवाज चढवला नव्हता त्यांनी. "मागे जायला सांग तिला. गौर बसलीय."

वेणू उंबऱ्यात आली. हातात कुंकवाची कोयरी होती. समोर शुक्री, मागे सगळं गाव. तिने मंडळाच्या बायकांकडे पाहिलं. चिठ्ठ्या रंगवणारी आपल्या बांगड्या मोजत होती. मालूताई पन्ह्याच्या भांड्यात बघत होत्या. त्यांच्यातली एकजण जरी म्हणाली असती, "घे गं वेणू," तरी ही कथा लिहायची वेळ आली नसती.

"शुक्रे," वेणू हळू आवाजात म्हणाली, "आज नको. तू... तू शेटकडेच दे. आम्ही तिथून घेऊ."

"तुमीच बोललाव ना वैनी, पुडच्या दारान ये."

"हो गं. पण आज नको."

शुक्रीने मडक्याला एक हात लावला, वळली आणि रस्त्याला लागली. भांडली नाही. थोड्या वेळाने कुणीतरी डाळीत कैरी फार आंबट पडल्याचं बोललं, आणि गप्पा पुन्हा सुरू झाल्या. गोदूबाई सुनेला एका शब्दानेही बोलल्या नाहीत. उलट रात्री म्हणाल्या, "दमलीस गं बाई आज."

त्यानंतर शुक्री आली नाही. मोळी आणायला वाडीतली दुसरी एक म्हातारी येऊ लागली. वेणूने तिला शुक्रीबद्दल विचारलं, तर ती नुसतीच मान हलवायची. वेणूने मनाशी ठरवलं की हा मोसम जाऊ दे, पुढच्या वर्षी आधीपासून तयारी करू. माणूस स्वतःला असंच समजावतो.

अक्षयतृतीयेला गौर उठायची. गोदूबाईंचा अभिषेक त्या दिवशी थाटाचा असे. जगन्नाथराव सकाळीच धर्मराज शेटच्या दुकानातून मध घेऊन आले. वेणूने बाटलीचं बूच काढलं आणि ती जरा थांबली. मधाला धुराचा वास होता.

"बघू," म्हणत गोदूबाईंनी बोटाला लावून चाखला. "अगो बाई, काय खमंग आहे. भाजल्यासारखा. शेटने यंदा खास ठेवला असेल आपल्यासाठी."

पूजा झाली, देवाला पंचामृत झालं. मंडळाच्या बायका, शेजारपाजार तीर्थ-प्रसादाला जमला. जो तो चाटून म्हणे, यंदाचा मध काही निराळाच हो. जगन्नाथरावांनी तर दुसऱ्यांदा हात पुढे केला. तेवढ्यात परसातून हाक आली.

"वैनी, मोळी."

वेणू वळली. आवाज शुक्रीचाच होता, पण विहिरीच्या तळातून यावा तसा. तिने पंचामृताची वाटी तशीच हातात घेतली. एवढा जीव सुखावला होता तिचा, की आज हिला सगळ्यांच्या आधी प्रसाद द्यायचा, असं मनात आलं.

शुक्री पायरीखाली बसली होती. मोळी लहान होती. तिने सवयीने ओंजळ पुढे केली आणि वेणूने सवयीने वरून धार धरली. पंचामृत ओंजळीत पडलं, तेव्हा शुक्रीच्या तोंडून फक्त श्वास आत ओढल्याचा आवाज आला.

त्या ओंजळीला कातडं नव्हतं. कोयत्याची खूण नव्हती. दोन्ही तळवे मनगटापर्यंत सोललेले, मधेच काळी खपली, मधेच ओलं लाल मांस, आणि त्यावरून दूध-मध पसरत चाललं होतं.

"अगं, हे काय झालं?"

शुक्रीने ओंजळ नाकाशी नेली. वास घेतला. पुन्हा घेतला. मग तिने ती ओंजळ तोंडाला लावली नाही, जमिनीवर सांडलीही नाही. तशीच धरून बसली.

"ह्यो त्योच हाय," ती म्हणाली. "ह्यात चुडीचा धूर हाय. वैनी, ह्यात काळू हाय."

मग तिने सांगितलं. त्या दिवशी ती मडकं घेऊन शेटच्या दुकानी गेली. शेटने मध हंड्यात ओतून घेतला आणि मूठ काही उघडली नाही. पुढच्या दारान विकाया गेली होतीस ना, म्हणाला, मग मीठही पुढच्या दारानच माग. दुसरं मडकं आणेपर्यंत साऱ्या वाडीचं मीठ त्याने बंद केलं. बाजारातल्या बाकीच्यांनी त्याचं बघून हात आखडला. उरण-पनवेलच्या पट्ट्यात, जिथे खाडीच्या कडेला मिठाचे ढीग उन्हात चमकत असतात, तिथे ती माणसं अळणी कण्या खात होती. वाडीतली पोरं रडायची, आणि बायका येता-जाता शुक्रीला म्हणायच्या, तुज्या वैनीपायी झालं हे.

"काळू बोलला, जातंय, उतरतंय पुन्यांदा. पांडूला आनाया गेलू तं तो शेटच्या कोलशाच्या भट्टीवर. शेट बोलला, भट्टी पेटलीय, हलायचं नाय. मग दोर कोनी धरायचा?"

वेणूला उत्तर ठाऊक होतं. तिला ते ऐकायचं नव्हतं.

"मी धरला," शुक्री म्हणाली. "झाडाला येढा दिला न् धरला. तो उतरला. माश्यांना धूर द्याया चूड पेटवली. पोळं कापून टोपलीत टाकलं, टोपली खाली सोडली. मग मधमाश्या उठल्या न् तो वरडला. आन मी खाली बघितलं, वैनी."

परसातल्या शेवग्यावर एक कावळा ओरडून उडून गेला.

"पुन्ना धरला. हातातून जातच व्हता, तरी धरला. टोपली व्हती ना खाली, तीत चूड पडली त्याची. तिसऱ्या दिशी शेटचा मानूस आला न् टोपली घेऊन गेला. वाडीला मीठ आलं."

एवढं सांगून शुक्रीने ओंजळ वर उचलली आणि विचारलं, "ह्ये कुठं वतू? तुमीच सांगा. देवाचं हाय."

शुक्री उठली, परसाच्या कडेला असलेल्या तुळशीपाशी गेली. तिथेही थबकली. मग कुंपणाबाहेर जाऊन रस्त्याच्या कडेच्या मातीत तिने हात रिते केले, आणि त्याच मातीने ते चोळले. डोळ्याला पदर लावला नाही.

वेणू आत आली. प्रसादाची रांग तशीच होती. मालूताई म्हणाल्या, "अगं, आण ना वाटी. लेकरं खोळंबलीत."

"नाही देणार," वेणू म्हणाली.

"म्हणजे?"

"हा मध काढताना काळू कातकरी कड्यावरून पडून मेला. आपण घेतला असता त्या दिवशी पायरीवर, तर तो दुसऱ्यांदा उतरला नसता. मी परत पाठवलं तिला. तुम्ही सगळ्या बसला होतात. आपल्याला तिच्या हातचा नको होता, शेटच्या हातचा हवा होता. घ्या, हा शेटच्या हातचा आहे. मी नाही वाढणार."

आणि तिने पंचामृताची वाटी गौरीसमोर पालथी घातली. गोदूबाई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "अगो, देवाचं होतं ते." वेणूने त्यांच्याकडे पाहिलं. "देवाचं कसं, आई? काळूचं होतं. धूर चाखलात ना तुम्ही."

गोदूबाईंनी पदर तोंडाला लावला आणि त्या मोरीकडे धावल्या. त्या दिवशी आणि दुसऱ्या दिवशीही त्यांनी अन्नाला स्पर्श केला नाही. बाई कर्मठ होती, पण दगड नव्हती.

तेव्हापासून घरात तो वास राहिला. वेणूला तो दुधात यायचा, धुतलेल्या पातळात यायचा, जगन्नाथरावांच्या कचेरीच्या कोटातही यायचा. चूल विझवून, शेणाने सारवून, कडुनिंबाची पानं जाळूनही जायचा नाही. डोळे मिटले की वरून पाणी सोडणारा आपला हात आणि खाली ती ओंजळ. नवऱ्याने वैद्य आणला. वैद्य म्हणाला, पित्त झालंय. गोदूबाई गप्प होत्या, कारण तो वास त्यांनाही येत होता आणि हे त्या मरेपर्यंत कुणाला सांगणार नव्हत्या.

चार दिवसांनी धर्मराज शेट स्वतः घरी आला. गोरा, हसतमुख, कपाळाला गंध. ओट्यावर बसला, पाणी प्यायला.

"वहिनी, गावात काहीबाही बोलताय म्हणे माझ्याबद्दल. मी काय केलं सांगा. मी दोर कापला? मी त्याला उतरवला?"

"तुम्ही मीठ बंद केलंत."

"केलं. धंदा आहे. मी सोडला तर उद्या दुसरा धरील." तो जरा पुढे वाकला. "पण एक विचारतो, रागावू नका. मध तुम्हाला कातकऱ्याकडून घेता येत नव्हता का? वाडी काही विलायतेत नाही. या साऱ्या आळीला माझ्या हातचा लागतो. मी मध विकत नाही हो वहिनी, मध रानात फुकट आहे. मी तुमचं सोवळं तुम्हाला विकतो. तुम्ही घ्यायचं बंद करा, मी उद्या दुकान उचलतो."

असं बोलून तो पान खाऊन निघून गेला. माणूस खोटा असता तर वेणूला सोपं गेलं असतं.

दुसऱ्या दिवशी ती चालत वाडीवर गेली. जगन्नाथराव म्हणाले, "अगं, लोक काय म्हणतील?" आणि मग काय वाटलं कोण जाणे, छत्री घेऊन तेही मागोमाग निघाले. शुक्रीच्या झोपडीपुढे पांडू बसला होता. मेव्हण्याच्या मातीला जाण्यासाठी तो भट्टी पेटती सोडून पळाला होता आणि पुन्हा तिकडे फिरकला नव्हता. वेणूने सांगितलं की यापुढे वाडीने मध आणला तर माझ्या पुढच्या ओट्यावर, हातातून हातात घेईन. मंडळ असो वा नसो. पांडू म्हणाला, "त्या वक्ताला पन बोललाव व्हताव." वेणू म्हणाली, "हो, बोलले होते."

शुक्री आतून बाहेर आली नाही. तिने फक्त एवढंच सांगून पाठवलं, की मी मोळी आनीन, मध आननार नाय.

त्यानंतरचं वर्ष कसं गेलं ते काय सांगावं. वेणू रोज सकाळी ओट्यावर चटई टाकून बसायची. पुढ्यात वाडीने आणलेला मध, हिरडे, डिंक, मोहाची फुलं. येणाऱ्याला ती नाव सांगायची, हा मध अमक्याने काढला, हा डिंक अमकीने वेचला. लोक नाव ऐकून मागे सरकायचे. मालूताईंनी तिला मंडळातून वगळलं. संक्रांतीला घरी वाण लुटायला कुणी आलं नाही. मुसलमान मोहल्ल्यातल्या एक बाई मात्र नेमाने येऊन बाटली घेऊन जायच्या आणि म्हणायच्या, "बिटिया, शहद तो मक्खी का है, उसमें जात किधर से आयी?" मिठागरावरचा तुळशीराम आगरी गाडीतून मीठ घेऊन वाडीवर जाऊ लागला आणि मापाने देऊ लागला. हळूहळू चारदोन घरं मागच्या दाराने निरोप पाठवू लागली, की बाटली हवी, पण सांगू नका कुणाला. वेणू त्यांना म्हणायची, पुढून या, नाहीतर नको. काही आली. काही अजून आली नाहीत. शेटचं दुकान चालूच राहिलं.

गोदूबाई आपल्या देवाला वर्षभर मधाशिवाय पंचामृत करत होत्या. चारच घटक घालायच्या आणि पाचव्याच्या जागी हात जोडायच्या.

पुन्हा चैत्र आला. गौर बसली. हळदीकुंकवाला यंदा गर्दी नव्हती, आळीतल्या मोजक्या बायका होत्या आणि मोहल्ल्यातल्या त्या बाई ओट्यावर पान जुळवीत होत्या. दुपार कलताना पुढच्या पायरीशी कुणीतरी येऊन उभं राहिलं. डोक्यावर मडकं, तोंडाला पळसाची पानं.

शुक्री होती. वेणूने तिचा चेहरा पाहिला. नाकात चमकी नव्हती, पण नाक टोचलेलं होतं. डोळ्याखाली लहान तीळ होता.

"पांडूनं काडला," शुक्री म्हणाली. "दोर त्याच्या मेवन्यान धरला, त्याच्या बायकूच्या भावान."

वेणूने पुढे होऊन तिच्या डोक्यावरचं मडकं आपल्या हाताने उतरवून घेतलं आणि गौरीपुढे नेऊन ठेवलं. आतून कुणी काही बोललं नाही. मग ती तांब्या भरून घेऊन आली. शुक्री पायरीखाली उकिडवी बसलेली होती आणि सवयीने तिने ओंजळ पुढे केली होती. जखमा भरल्या होत्या, पण कातडं आखडून बोटं आत वळली होती. त्या ओंजळीत आता पाणी राहण्यासारखं नव्हतं.

वेणूने धार धरली नाही. तांब्या पुढे धरला.

"वता ना, वैनी."

"हातात घे."

शुक्रीने वेणूच्या मागे दारात उभ्या असलेल्या गोदूबाईंकडे बघितलं. गोदूबाई खांबाला धरून उभ्या होत्या. मग त्या म्हणाल्या, "घे गं. ऊन फार आहे."

त्या वाकड्या बोटांनी तांब्या धरायला शुक्रीला वेळ लागला. वेणूने खालून हात लावला. ती पाणी प्यायली, सगळं प्यायली, तांब्या पायरीवर ठेवला आणि उठली.

"मी अजून तुमाला माफ नाय केलं," ती म्हणाली.

"नको करूस," वेणू म्हणाली.

तांब्या त्या संध्याकाळी इतर भांड्यांबरोबर फडताळात गेला. गोदूबाईंनी तो जागेवरून हलवला नाही. गौरीला त्या दिवशी पाचवा घटक मिळाला.

आणि धुराचा वास? तो वेणूला आजही येतो. येऊ दे, म्हणते ती; ज्या दिवशी यायचा थांबेल त्या दिवशी मी पुन्हा कुणाला तरी पायरीवरून परत पाठवीन.

वाचकहो, तुमच्याही घरात मध असेल. देव्हाऱ्याजवळच्या फळीवर, चांगल्या दुकानातून आणलेला, बूच घट्ट लावलेला. उद्या पूजेला बसाल तेव्हा ते बूच काढा आणि देवाला घालायच्या आधी एकदा नुसता हुंगून बघा.